बोगद्यातून मी जाणार नाही

३ फेब्रुवारी, मंगळवार. पहाटे ५.२०

जाग आली ती एका आवाजाने. भोंऽप. भोंऽप. पासष्ट वर्षांपूर्वीचा आवाज. संध्याकाळी डोंगर उतरणाऱ्या बसचा रबरी भोंगा. प्रत्येक वळणावर एकदा वाजायचा. ताई आणि मी घराच्या पायरीवर बसून मोजायचो. सतरा भोंगे झाले की बस खाली. त्यामुळे खिंडीच्या रस्त्याची सतराच्या सतरा वळणं मला तोंडपाठ आहेत. पाहिलेली नाहीत, ऐकलेली आहेत. पाहणारे विसरतात.

आवाज आजच का आठवला ते उघड आहे. काल ताईचा फोन आला. ती डोंगरापलीकडच्या गावात राहते. घर विकलं. एकवीस तारखेला कायमची मुलाकडे जाणार, समुद्रापार. वय एकोणऐंशी. म्हणाली, छोट्या, त्याआधी एकदा येऊन जा रे. पुन्हा आपली गाठ पडेल असं काही दिसत नाही.

मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. तिच्या लेखी अजून छोट्याच.

संकल्प : १. जाणार. २. स्वतः गाडी चालवत जाणार. ३. खिंडीच्या रस्त्याने जाणार. ४. आजपासून रोज पाचला उठणार.

सकाळी ८.४५

चौथा संकल्प उद्यापासून.

४ फेब्रुवारी, बुधवार

जावयाला मी रस्ता विचारला नव्हता. त्याने सांगितला. हा मनुष्य न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं खिशात घेऊन फिरतो. म्हणाला, बाबा, बोगद्यातून जा, अडीच तासांत पोचाल. म्हणाला, शनिवारी मला सुट्टी आहे, मीच नेतो तुम्हाला आणि आईंना.

अडीच तास! याला फक्त पोचण्याचं कौतुक. पोस्टाचं पाकीटही पोचतं. चौथीच्या पुस्तकात डोंगरावर कविता होती. मास्तर टेबलावर पट्टी आपटून ताल धरायचे, आणि सगळा वर्ग जागच्या जागी घाट चढायचा. बोगद्यावर कुणी कविता केली आहे का? डोंगराच्या पोटातून जायला मी काय जंत आहे?

हे शेवटचं वाक्य त्याला ऐकवलं. हसला. समजलं नसावं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

कपाटावरून नकाशा काढला. माझा नकाशा. माझा म्हणजे विकत घेतलेला नव्हे, मी काढलेला. नकाशा कचेरीत एकतीस वर्षं ट्रेसिंगच्या टेबलावर घालवली ती माशा मारत नव्हे. उजव्या कोपऱ्यात खाली बारीक अक्षरांत माझी आद्याक्षरं आहेत. भिंग लागतं, पण आहेत.

खिंडीचा रस्ता बघून ऊर भरून आला. आपल्या बाजूने सतरा वळणं घेत वर, खिंड ओलांडून पलीकडे थेट ताईच्या गावात. अखंड लाल रेघ.

ही रेघ काढली ती दुपार अजून डोळ्यांसमोर आहे. कचेरीचा नियम असा : बांधलेला रस्ता सलग रेघेने, नुसताच नियोजित रस्ता तुटक रेघेने. साहेबांच्या कच्च्या कागदावर खिंडीपर्यंत सलग होती, पलीकडे तुटक. मला ते बघवेना. एवढी डौलात चढलेली रेघ, माथ्यावर पोचली आणि ठेचकाळत उतरायला लागली. कवितेच्या तिसऱ्या ओळीला यमक सुटावं तसं. जोडून टाकली. एका दमात, हात न कापता. साहेबांनी सही केली. छापला. तीन आवृत्त्या निघाल्या. चव्वेचाळीस वर्षांत एकाही वाचकाची तक्रार नाही. आणि एव्हाना रस्ता बांधलाच असणार की! नियोजित होता, माझ्या मनातला नव्हता.

संध्याकाळी जावयाला दाखवला. त्याने फोन काढला, दोन बोटांनी डोंगर ताणला आणि म्हणाला, बाबा, खिंडीपलीकडे रस्ताच दिसत नाही. म्हटलं, फोनला काय दिसणार? फोन परवा जन्मला.

७ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी आठ वाजता जावई हजर. गाडी धुऊन, पुसून, टायरमध्ये हवा भरून. मी अजून दात घासत होतो. निरोप दिला की माझा अभ्यास पूर्ण झालेला नाही. बिचारा हवा भरलेला परत गेला.

 संध्याकाळी ही म्हणाली, अहो, तुम्हाला भेटायचंय कुणाला, ताईंना की डोंगराला?

सेहेचाळीस वर्षं नकाशेवाल्याच्या घरात राहून हा प्रश्न. उत्तर दिलं नाही. खरं तर लगेच सुचलं नाही, पण सुचलं असतं तरी दिलं नसतं.

९ फेब्रुवारी, सोमवार

मेकॅनिक येऊन गेला. गाडी चौदा महिने कव्हराखाली होती. बॅटरी संपलेली. सीटखाली उंदरांचा संसार. मी विचारलं, घाट चढेल का? म्हणाला, गाडी चढेल काका, तुमचं तुम्ही बघा.

या लोकांना मराठीच्या तासाला बसवायला हवं होतं. नम्रता हा धडा राहून गेला.

११ फेब्रुवारी, बुधवार

ताईचा फोन. विचारलं, निघालास का रे? तिला मार्ग समजावून सांगितला. पंचवीस मिनिटं लागली. उंची, उतार, वळणाची त्रिज्या. ती मध्येच म्हणाली, कपाटं गेली, पुढच्या गुरुवारी पलंग जाईल, मग तुला बसवू कुठे? म्हटलं, ताई, आधी आठवं वळण ऐक. पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं भारावली. मग घोरणं ऐकू आलं.

संकल्प : शनिवारी नक्की.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

सराव. गाडी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत नेली. नेणं उत्तम झालं. आणणं बाकी होतं. रिव्हर्स गिअर मला तरुणपणीही पटला नाही. मागे जाण्यात कसलं आलंय कर्तृत्व? शेवटी औषधवाल्याने खाली उतरवलं आणि स्वतः वळवून दिली. वर विचारतो, काका, लायसन्स आहे ना? आहे. चार महिने मुदत आहे त्याची. माझी किती आहे असं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

निघता आलं नाही. प्रवासाचा तक्ता रंगवत होतो. उंचीप्रमाणे तपकिरी रंग गडद होत जायला हवा. खिंडीच्या जरा खाली पेन्सिल संपली. अर्धवट डोंगर घेऊन जाण्यात अर्थ नाही. ही म्हणाली, हिरवा लावा. हिरवा! डोंगरमाथ्याला!

तक्त्याच्या वरच्या बाजूला दोन ओळी सुचल्या त्या लिहिल्या :

वाट वाकडी, वाट वरती, वाट ढगांच्या गावाला,
सरळ वाटा लखलाभ होवोत उतावळ्यांच्या पावाला.

‘पावाला’ हा शब्द यमकासाठी आहे. जाणकारांना खटकणार नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

पेन्सिल मिळाली. सर्दी झाली. वाफ घेतली. नकाशा वाफेने फुगला.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

जावयाचा फोन, मुलीच्या आवाजात. बाबा, चारच दिवस राहिलेत. आत्याची रोज वाट बघणं चाललंय. तुमचा हट्ट आम्हाला कळतो हो, पण तिला कळणार आहे का? म्हटलं, उद्या पाचला निघतोय. म्हणाली, सकाळी ना?

टोमणा आईवर गेलाय. आवाज माझ्यावर.

१८ फेब्रुवारी, बुधवार. रात्री

सगळं नीट लिहून ठेवतो. पुढे कुणी उलटसुलट बोलू नये.

प्रस्थान पाचला. गाडी हलली ९.४० ला. मधल्या वेळात चष्मा शोधला. हिच्या मांडीवर जावयाने बळंच दिलेला फोन. त्यातली बाई सुरुवातीपासून आगाऊ. शहराबाहेर पडताच म्हणाली, डावीकडे वळा. डावीकडे बोगदा. मी उजवीकडे. तेव्हापासून दर दोन मिनिटांनी तिचं एकच पालुपद : शक्य असेल तेथे मागे वळा. इतक्या शांतपणे अपमान करणारी बाई मी पाहिलेली नाही. ही म्हणाली, निदान ती तरी बोलतेय. फोन बंद करायला लावला.

घाट सुरू झाला. वळणं मोजली. एकोणीस भरली. म्हणजे दोन नंतर घातलेली असणार. हल्लीच्या लोकांना कशालाही हात लावल्याशिवाय चैन पडत नाही.

पण काय सांगू! चौदाव्या वळणानंतर खालचं सगळं जग काडेपेटीएवढं झालं. कविता म्हणायला लागलो, मोठ्याने. मागून ट्रकवाला हॉर्न वाजवत होता, तोही तालात. ही खिडकीबाहेर बघत होती आणि ओठ हलत होते. तिलाही पाठ आहे म्हणजे!

नंतर म्हणाली, मळमळत होतं.

१२.१५ ला खिंड. तिथे एक चहाची टपरी, एक लोखंडी आडवा दांडा आणि त्याच्या पलीकडे काही नाही. काही नाही म्हणजे खरोखरच काही नाही. गवत, मग दगड, मग हवा.

टपरीवाला शेळीला पाणी पाजत होता. मी नकाशा उघडून दाखवला. म्हटलं, रस्ता इथून पुढे जातो. त्याने नकाशाकडे पाहिलं आणि एकदम ओळखीचं हसला. म्हणाला, हाच तो! वर्षाला दोन-चार जण येतातच हा घेऊन. गेल्या साली एक नवरा-नवरी आली होती, रडली बिचारी. काका, एकदा तो गाढव मला भेटायला हवा, ज्याने ही रेघ मारली.

हिने माझ्याकडे पाहिलं. मी नकाशाची घडी घातली. उजवा कोपरा आत येईल अशी.

चहा घेतला. टपरीवाल्याने विचारलं, जायचंय कुठे? दांड्याशी नेऊन बोटाने दाखवलं, ते बघा तुमचं गाव. खाली, अगदी पायाखाली, लाल कौलांची ओळ. त्यांतलं एक ताईचं. इथून हाक मारली तर पोचेल असं वाटलं. हात हलवला. ही म्हणाली, अहो, त्यांना दिसणार आहे का? म्हटलं, मला कुठे दिसतंय सगळं, डोळ्यांत वारा जातोय.

मग रिव्हर्स. चाळीस मीटर मागे घ्यायची होती. एकवीस मीटर उत्तम घेतली. बाविसाव्याला मागचं चाक गटारात.

जावई साडेपाचला आला. दोर, टॉर्च, हिला उलटीची गोळी, मला स्वेटर. एक शब्द बोलला नाही. असल्या माणसांचा मला मनस्वी तिटकारा आहे. चार वाक्यं बोलला असता तर मला तरी भांडता आलं असतं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

पाठ, मान, गुडघे. नावानिशी दुखतंय.

दुपारी ब्लेड घेऊन बसलो. कचेरीत शाई चुकली की आम्ही ब्लेडने हळूच खरवडायचो. लाल रेघ मध्ये मध्ये खरवडून तुटक करावी म्हटलं. तीन तुकडे झाले. चौथ्याला कागद फाटला, नेमका ताईच्या गावावर. आणि बाकीच्या हजारो प्रतींचं काय? घरोघर ब्लेड घेऊन फिरू? त्या नवरा-नवरीचा पत्ता कोण देणार मला?

ताईला फोन करायचा होता. केला नाही. रेंज नसेल. आमच्या घरात चारही कोपऱ्यांत रेंज आहे, पण माणसात असायला हवी ना.

रात्री जावई म्हणाला, उद्या तीनला अर्धी रजा घेऊन येतो. मी विचार करतो म्हणालो. मग तो जिना उतरायला लागल्यावर वरून सांगितलं, ये. बोगद्याचा रस्ता एकदा बघायला हवाच. टीका करायची तर माहिती पाहिजे.

तो खालून म्हणाला, हो बाबा, बरोबर आहे.

२० फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी ११

ताईचा फोन बंद. आठपासून नऊ वेळा लावला. विमान उद्याचं आहे. की आजचं? एकवीस म्हणाली होती की वीस? ही म्हणते एकवीस. हिच्यावर भरवसा ठेवावा का? ठेवतो.

दु. १.३०

सोळा वेळा. बंद. बूट घालून बसलोय. तक्ता घेतलेला नाही, नकाशाही नाही. ही म्हणाली, पाठीशी उशी घ्या, घेतली. बोगद्यात कंदील दाखवणारा माणूस असलाच तर त्यालाही नमस्कार करीन. कुठूनही न्या मला. अडीच तास म्हणाला होता. तीनला निघालो तर साडेपाच. घर रिकामं असेल तर? कुलूप असेल तर?

दु. २.४०

बेल. जावई वीस मिनिटं आधी आला. पहिल्यांदाच त्याचा राग आला नाही. काठी सापडेना, भिंत धरत गेलो आणि दार उघडलं.

दारात ताई.

एकटी. हातात एक बॅग, पायात कॅनव्हासचे बूट, केस वाऱ्याने उभे. मुलाने तिकीट बदलून दिलं, विमान आता उद्या आमच्याच शहरातून. पलंगही गेल्यावर त्या घरात राहण्यात राम नव्हता म्हणाली. सकाळची बस धरली. फोन बंद, कारण चार्जर पॅकिंगमध्ये गेला.

तीन आठवडे तिला सांगायचं असं कितीतरी साठलं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, ताई, तू आलीस कुठल्या रस्त्याने?

म्हणाली, मला काय ठाऊक? बस सुटली आणि डोळा लागला, उघडला तो तुमच्या स्टँडवर. आता बाजूला होतोस का, छोट्या? की दारापासून खुर्चीपर्यंतचा रस्ताही आधी ठरवायचाय?

बाजूला झालो.