माझं अर्धं वाक्य

प्रिय आई,

गुडघा कसा आहे? मी इथे आयोवात मजेत आहे, नोकरीही टिकून आहे.

गेल्या अध्यक्षीय निवडणुकीत मी त्या टीव्हीवाल्याला म्हणाले होते, "मी मत देणार नाही, असं कधी झालंय का?" मेल्याने "देणार नाही"पर्यंतच दाखवलं आणि चर्चमध्ये तुला मान खाली घालावी लागली.

काल तोच आमच्या हॉटेलात आला. यंदा थेट प्रक्षेपण, म्हणजे कात्री नाही!

"बाई, कोण जिंकणार?"

"आधी माझं उरलेलं वाक्य दाखव, खोटारड्या!"

तो लालबुंद झाला. "आम्ही खोटं दाखवतो..." एवढं त्याच्या तोंडून निघालं आणि मी कॉफी दळायचं यंत्र सुरू केलं. पुढचं "असं म्हणणं चूक आहे" घरघरीत बुडालं; फक्त मला ते त्याच्या ओठांवरून कळलं.

आता त्याच्या आईला जाऊ दे चर्चमध्ये.

तुझीच,
लोरीन