चारपैकी पर्याय निश्चित करावा

जव्हार, रविवार

ती. पुष्पलतामावशीस,

हर्षदाचा नमस्कार. (साष्टांग घालणार होते, पण डाव्या बाजूमुळे पालथं पडवत नाही. उभ्यानेच केलेला गोड मानून घे.) गुडघे कसे आहेत? तीस वर्षं नर्स म्हणून दुसऱ्यांना औषधं पाजलीस आणि स्वतःची विसरतेस, असं तुझा पंकज फोनवर सांगत होता. आम्ही सगळे खुशाल, म्हणजे मी सोडून.

आठ वर्षांपूर्वी कर्करोगाच्या ऑपरेशनात काढलेल्या स्तनाच्या जागी जे सिलिकॉनचं बसवलं होतं, ते आता दगडासारखं घट्ट झालंय. (रोग परतलेला नाही, तपासण्या झाल्या. आधी पाणी पी, मग पुढे वाच.) शरीर म्हणे त्याच्याभोवती स्वतःचं एक वेष्टन करतं, माझ्या शरीराने ते जरा जास्तच मन लावून केलंय. फळ्यावर वरच्या ओळीत लिहायला हात जात नाही, आणि खोडाळ्याच्या शाळेत जाताना वळणावर जीपने हिसका दिला की माझ्या तोंडून जे निघतं, ते चौथीच्या मुलांनी ऐकू नये.

नाशिकच्या डॉक्टरांनी चित्रं काढून चार पर्याय सांगितले. एक, नुसतं ते काढायचं आणि वेष्टन आत राहू द्यायचं. (पण माझं जाड झालंय, त्यामुळे दुखणं राहील म्हणाले.) दोन, वेष्टन काढून नवं बसवायचं, तेही पुढे घट्ट होऊ शकतं. तीन, पोटाची कातडी आणि चरबी वर आणून उभार करायचा. दिवसभराचं ऑपरेशन आणि जखमा दोन. चार, वेष्टनासकट सगळं काढून, जास्तीची कातडी उतरवून छाती सपाट शिवायची. आत काहीच ठेवायचं नाही. ‘घाई नाही, विचार करा,’ म्हणाले. विचार मी करायचा होता, मावशी, मी!

पण तुझे जावई कचेरीत खुर्च्या घ्यायच्या असल्या तरी तुलनात्मक तक्ता करणारे. घरी आल्याआल्या त्यांनी पट्टी घेऊन रकाने आखले: पर्याय, चिरा, जखमेतली नळी किती दिवस, रजा किती दिवस, शेरा. तो तक्ता जेवायच्या वेळी सगळ्यांसमोर वाचला. सासूबाईंचं मत दोनला, कारण मे महिन्यात नीलेशभावजींचं लग्न आहे आणि फोटोत मोठी सून नीट दिसायला हवी. नीलेशभावजींचं तीनला, का, तर एका कामात वहिनीचं पोटही उतरेल! (पोटाबद्दल मी कुणाकडे तक्रार केली होती?) मी वरणाचं पातेलं आपटलं, तर ह्यांनी शेऱ्याच्या रकान्यात ‘रुग्ण नाराज’ असं लिहिलं.

इथवर घरातलं घरात होतं. पण सहपत्राशिवाय अर्ज पाठवणं ह्यांना पाप वाटतं. माझ्या रजेच्या अर्जामागे ह्यांनी तोच तक्ता टाचला, आणि मी न बघता सही केली. अर्ज योग्य मार्गाने, म्हणजे जितक्या टेबलांवरून जाता येईल तितक्या टेबलांवरून गेला आणि पंधरा दिवसांनी परत आला. त्यावर लाल शाईत: ‘चारपैकी पर्याय निश्चित करून फेरसादर करावे.’ आणि खाली दुसऱ्याच कुणाच्या तरी अक्षरात, पेन्सिलने: ‘तीन बरा वाटतो.’ कोण गं हा? माझ्या छातीबद्दल याला काय बरं वाटतं?

मी वर्गात तोंड फिरवून रडले. शाळेत खिचडी शिजवणारी ठकी पाणी घेऊन आली. सगळं ऐकून म्हणाली, “बाय, दुखतं तुला, मग इचारतेस कोनाला? काढून टाक ना.” मी विचारलं, मग तिथे काहीच राहणार नाही त्याचं काय? तर म्हणे, “तू राहशील का नाय?” आणि चुलीवर काहीतरी करपतंय म्हणून पळाली.

त्याच दिवशी अर्जावर मी स्वतःच्या हाताने ‘चार’ लिहिलं. ह्यांना सांगितलं. ते पट्टी खणात ठेवून म्हणाले, “बरं.” बस्स, एवढंच! तीन आठवडे बोलणारा माणूस, आणि नेमकं तेव्हा एकच शब्द. सासूबाई अजून माझ्याशी बोलत नाहीत, ती एक सोय झालीय.

तब्येतीला जप.

तुझी,
हर्षदा

ता. क. पुढच्या मंगळवारी ऑपरेशन आहे. डबा वगैरे आणू नकोस, यायचीही काही गरज नाही. मी अजिबात घाबरलेली नाही.

ता. क. २. ये. पहिली पट्टी सोडतील तेव्हा आधी तू बघ. आणि मग मला खरं सांग, ह्यांना आत बोलावू की नको. त्यांना कसंही दिसलं तरी मला फरक पडत नाही, असं मी त्यांना ठणकावून सांगितलंय. मला पडतो गं, मावशी.