न कापलेली पानं

गिरगाव, मार्गशीर्ष वद्य पंचमी, संध्याकाळ

आज गिटारीच्या पोटाची फळी तडकली. चार महिन्यांचं काम! शेजारचे सुतार विठूमेस्त्री बघायला आले, आणि मी भर गॅलरीत, चार बिऱ्हाडांदेखत म्हणालो, "मेस्त्री, तुमचा सरस कच्चा निघाला." ते एवढंच म्हणाले, "असेल, मास्तर." आणि फळी चिकटवायला दिलेला सरसाचा डबा उचलून घेऊन गेले.

श्रावणात रे रोडच्या लाकूडबाजारातून फळी आणली तेव्हा त्यांनी बोटाने ठोकून सांगितलं होतं, "ओली आसा. दिवाळी जाऊं दे, मगे चिकटवा." मी हसून विचारलं, "कुठल्या ग्रंथात लिहिलंय?" आणि दिवाळीआधीच चिकटवून टाकली.

माझ्याच ग्रंथात लिहिलंय. गिटार बनवायला शिकवणारं ते इंग्रजी पुस्तक मघाशी पुन्हा उघडलं. लाकूड वाळवण्याच्या प्रकरणाची पानं अजून एकमेकांना जोडलेली. कडा कापल्याच नव्हत्या. संस्कृतच्या वर्गात पहिल्या सूत्रापासून वाचा म्हणून मी ओरडतो, आणि स्वतः थेट चौथ्या प्रकरणावर उडी! सुरीने पानं कापली. ओल्या फळीला आतून आधाराच्या पट्ट्या चिकटवल्या, की फळी वाळून आकसताना तडकते. मेस्त्रींचंच म्हणणं, फक्त इंग्रजीत.

"असेल, मास्तर." त्यापेक्षा शिवी दिली असती तर?

चाळ संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला गेली आहे. मेस्त्री तेवढे घरी. आत्ता जाऊन चूक कबूल केली तर ऐकायला कुणी नाही, हे मनात आलं आणि बरं वाटलं. त्या बरं वाटण्याचीच जास्त लाज वाटते आहे.

थांबतो. चाळ परत येऊ दे. गॅलरी भरू दे.