एकेचाळीस परवानग्या

आदरणीय दाजी,

कंबर जेवढी वाकू देते तेवढा वाकून नमस्कार. ताईचा गुडघा आता जिना चढू देतो का? आम्ही सगळे ठीक. फोन न करता पत्र का, असं तुम्हाला वाटेल. तुमच्या कंपनीने बनवलेल्या आणि तुम्हीच हौसेने दिलेल्या त्या फोनबद्दलच लिहायचं आहे, आणि त्याच्यादेखत त्याच्याबद्दल बोलणं बरं दिसत नाही.

माझी खोड तुम्हाला माहीत आहे. कुलूप दुरुस्तीला आलं की आत काय आहे ते बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. फोनची पाठ उघडेना (हिने पेचकस हातातून काढून घेतला), म्हणून सेटिंगमध्ये शिरलो. तिथे परवानग्यांची यादी निघाली. मोजल्या तर एकेचाळीस, आणि सगळ्या म्हणे मीच दिलेल्या. टॉर्चला मी कुठे आहे ते कळायला हवं (टॉर्च माझ्याच हातात आहे, मी आणखी कुठे असणार?). कॅल्क्युलेटरला नातेवाइकांचे नंबर हवेत. बेरजेत तुम्हाला धरायचं आहे की काय, कोण जाणे. शिवाय एक नाव असं, की त्याचं चित्र कुठे दिसत नाही, ते काढून टाकता येत नाही, आणि ते दिवसातून साठ वेळा कंपनीला काहीतरी कळवतं. काय कळवत असेल? माझ्या आयुष्यात दिवसाला साठ गोष्टी घडत नाहीत हो.

राग आला, पण त्याहून जास्त कुतूहल वाटलं. तीस वर्षं मी लोकांची अडकलेली कपाटं उघडतो, आणि दार उघडलं की तोंड फिरवून उभा राहतो. इथे मात्र चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, त्याही मीच ‘मान्य’ दाबून दिलेल्या. म्हटलं, याची बडबड बंद होते का ते तरी बघू. मुख्याध्यापिकाबाईंच्या शाळेची तिजोरी दुकानात होती, तिला आकड्यांचं नवं कुलूप नुकतंच बसवलं होतं. फोन आत ठेवला, दार लावलं, चकती फिरवली आणि हिच्या फोनवरून माझा नंबर लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला, तेच. चार बोटं जाड पोलादापुढे तुमच्या कंपनीचं काही चालत नाही दाजी, हे साहेबांना जरूर सांगा. मला फार आनंद झाला.

ताईला नमस्कार.

तुमचा,
कुलूपवाला मेहुणा

ता.क. फोन अजून आतच आहे. तिजोरीचा नवा नंबर विसरू नये म्हणून मी तो फोनमध्येच लिहून ठेवला होता. परवा सकाळी शाळेत परीक्षेचे पेपर येणार, त्याआधी बाईंना तिजोरी हवी. स्वतःच बसवलेल्या कुलपाला मी भोक पाडलं, तर उद्यापासून साधी चावीसुद्धा माझ्याकडे कोणी करायला देणार नाही. आकड्यांच्या जोड्या दहा लाख होतात. मी चारशे बारापर्यंत आलो आहे. तुमची कंपनी माझं सगळंच उतरवून घेते, म्हणजे तेवढा नंबर तिच्याकडे असणारच. कृपया विचारून घ्या आणि पत्र घेऊन आलेल्या हिच्या हाती उत्तर पाठवा.

ता.क. दुसरा. नंबर चिठ्ठीवर लिहून द्या, फोनवर सांगू नका. तुमच्या कंपनीचे लोक ऐकतात.