रोज मेरी लागते

३ फेब्रुवारी, मंगळवार

पोराच्या शर्टाला आजही तोच वास! निलगिरी म्हणावी तर नाही, कापूर म्हणावा तर नाही. यशराजला विचारलं, महापेच्या ऑफिसात काढे उकळता का रे? म्हणाला, एसीचा असेल. बाप्या झाला, पण खोटं बोलताना कान अजून लाल होतात.

५ फेब्रुवारी

कळलं. बाई आहे!

वाळलेले कपडे काढायला गेले, तर हा गॅलरीत मित्राशी, रूपेशशी, हळू आवाजात फोनवर — "रोज मेरी लागते. आईला कळू देऊ नकोस."

रोज लागते म्हणे! मेल्याला लाज नाही. घरात उत्कर्षासारखी बायको. आख्ख्या सानपाड्यात असा शेपटा कुणाचा नाही. हळदीकुंकवाला मी सगळ्यांना वळून बघायला लावते. पोर हल्ली गप्प असते. न्हाऊन आली की खोलीत जाऊन कडी लावते. तिलाही संशय आला असणार. जीव तुटतो माझा.

६ फेब्रुवारी

तिला मुद्दाम विचारलं, ही मेरी कोण गं? हातातला चहा सांडला तिच्या.

७ फेब्रुवारी

यशराजचा रुमाल ह्यांच्या नाकाशी धरला, म्हटलं, हा बघा त्या मेरीचा वास. जन्म वाशीच्या मसाला मार्केटात गेला, ह्यांचं नाक चुकायचं नाही. हुंगलं आणि हसतच सुटले.

"अगं, बाई कसली? रोजमेरी ही! विलायती पाला. हॉटेलवाले बटाट्यावर टाकायला नेतात. तेलही निघतं त्याचं. खोबरेलात दोन थेंब टाकून डोक्याला लावतात, केस गळू नयेत म्हणून."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन दिवस पाल्याला शिव्या घातल्या!

पण मग लपवायचं कशाला? यशराजच्या डोक्यावर तर जंगल आहे. काहीतरी आहेच.

८ फेब्रुवारी, रविवार

आज कडी नीट लागली नव्हती. मी ढकललं. उत्कर्षा खाली बसलेली, मागे यशराज वाटी घेऊन. कापसानं तेल लावत होता. टाळूवर जागोजागी नुसते गुळगुळीत चट्टे. शेपटा पलंगावर — गंगावन.

मला बघून तिनं ओढणी डोक्यावर ओढली.

"आई, तुम्ही केस बघूनच मला पसंत केलं होतं ना?"