आईचा बॅकअप

सोलापूर, मंगळवार संध्याकाळ

आज दोन हार्ड डिस्क आणल्या. दुकानदार म्हणाला, एक घरात ठेवा, दुसरी बाहेरगावी. आता सुचतंय हे शहाणपण! गेल्या आठवड्यात घरचा कॉम्प्युटर बंद पडला आणि माझ्या वडिलांचं, अण्णांचं, सगळं बोलणं त्यातच गेलं. जन्मभर मागावर काम केलेला माणूस. घरातही माग चालू असल्यासारखा मोठ्यानं बोलायचा. ते जायच्या आधी त्यांच्या आठवणी मी रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या.

पुण्याहून मी आईला फोनवर विचारलं होतं, "कॉम्प्युटरला बॅकअप आहे ना?"

"हाय की!"

ती इन्व्हर्टरबद्दल बोलत होती. आमच्याकडे त्यालाच बॅकअप म्हणतात, हे मला माहीत नव्हतं? लाईट जाणाऱ्या याच घरात वाढले की मी. मग तिच्यावर का चिडले?

मी डिस्क जोडत होते, तेव्हा आई टेबलाखालच्या इन्व्हर्टरवरची धूळ पुसत होती. "ह्यानं कसं न्हाय वाचवलं गं?"

माझ्या फोनमध्ये एक क्लिप सापडली, जेमतेम चार शब्दांची. दोन्ही डिस्कवर आता तेवढीच आहे. अण्णा ओरडून विचारतायत, "लाईट आली का गं?"