काटा हललाच नाही

पुरेव,

मिठाचा चहा थर्मासमध्ये आहे.

तू आईंना दवाखान्यात घेऊन गेलास, तेव्हा झाम्बाकाका आणि मी ट्रकच्या दुरुस्त केलेल्या इंजिनात तेल भरलं. डिझेल बंद ठेवून नुसता स्टार्टर फिरवला, म्हणजे आधी सगळीकडे तेल पोचेल. थांबून थांबून, बॅटरी उतरत येईपर्यंत फिरवला. तेलाच्या दाबाचा काटा शून्यावरून हलला नाही. इंजिनचं वरचं झाकण काढलं तर आत ठणठणीत कोरडं. काका म्हणाले, "सूनबाई, इंजिन परत खोलावं लागणार." टोपी घातली आणि निघून गेले.

कोळशाच्या खेपेतला आपला नंबर गेला. मी चीनच्या हद्दीवरच्या खानावळीत कामाला चाललेय. हिवाळा संपेपर्यंत येणं व्हायचं नाही. आईंना सांग, माहेरी गेलीय.

तू म्हणशील, "चालू झालं की येतं तेल वर." मागच्या वेळीही हेच म्हणालास आणि इंजिन जाम झालं. हात जोडते, तसंच चालू करू नकोस.

ट्रकची किल्ली सोबत नेणार होते. पण तू तारा जोडून चालू करशीलच, म्हणून दारामागच्या खिळ्याला अडकवलीय.

उयांगा